चिपवरचा नंबर

बाबा अंथरुणाला खिळले, होडी काठावर पडून कुजली, आई आचऱ्याच्या बाजारात मासळी विकायला बसली. तेव्हा आम्हा दोघा भावंडांतल्या एकालाच कॉलेज शिकवायचं ठरलं. वसंतदादा माझ्यापेक्षा हुशार. पण त्याचा डावा पाय लहानपणापासून अधू, एसटीची पायरी त्याला चढवत नसे. म्हणून मी गेले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. हे अभिमानाने सांगते, आणि कोणाच्या वाट्याचं घेऊन झाले तेही सांगते.

दादा घरी रेडिओ दुरुस्त करता करता कॉम्प्युटर शिकला. वीसेक वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संस्थेने त्याला काम देऊ केलं. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीचे मेन्यू मराठीत आणायचे आणि रोज संध्याकाळी घरच्या फोनवरून पाठवायचे. घरबसल्या पोटाला लागेल असं त्याच्या आयुष्यात ते एकच काम आलं. मी मुंबईत नोकरीला, म्हणून लॅपटॉप मी आणायचा. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या मॉडेमपैकी लिनक्सवर चालणाऱ्यांचे चार नंबर त्याने चिठ्ठीवर लिहून दिले. लॅपटॉप उलटा करायला लावायचा, खालचं झाकण उघडायचं, मॉडेमच्या चिपवर यातला नंबर असेल तरच घ्यायचा.

मी चिठ्ठी पर्समधून काढलीच नाही... दुकानदार म्हणाला, "मॅडम, मॉडेम आतच आहे. लावा नि वापरा." शिकलेल्या बाईने भर दुकानात स्क्रू काढायला सांगायचे, हे मला कमीपणाचं वाटलं.

दादाने घरी झाकण उघडलं, नंबर वाचला आणि झाकण परत लावलं. मग म्हणाला, "चिठ्ठी दाखवलंस काय गो त्येका?"

"आत मॉडेम आसा म्हणालो तो."

"आसा. पण अर्धो. उरललो अर्धो विंडोजच्या पोटात. लिनक्सात ह्यो फोन लावचो नाय. आता ह्येका मीठ लावन सुकत घालू काय?"

आई हसली, तोही हसला. दुकानदाराने लॅपटॉप परत घेतला नाही. दुसरा मिळेपर्यंत दीड महिना गेला आणि संस्थेने काम दुसऱ्याला दिलं. दादा मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं...

मग तो मॉडेमच्याच मागे लागला. कुडाळच्या एका दुकानातून ओळखीच्या कंडक्टरकरवी जुने लॅपटॉप मागवायचा, उघडून नंबर उतरवायचा, लिनक्स चढवून फोन लावून बघायचा आणि होते तसे परत पाठवायचा. जो मॉडेम चालला तो इंटरनेटवर नोंदवायचा. कुठकुठली अनोळखी माणसं त्याला आभाराची पत्रं लिहीत. पुढे मोबाइलवर इंटरनेट आलं आणि मॉडेम कोणाला लागेनासा झाला.

महिन्यापूर्वी दादा गेला. बाराव्याच्या पंगतीत काका म्हणाले, "वसंत जन्मभर मशिनी उघडीत बसलो. हाती काय लागला?" तिथे मी गप्प बसले. इथे लिहिताना गप्प बसणार नाही. काका, लिनक्सवर चालणाऱ्या अकरा मॉडेमची यादी वसंतदादाने केली. त्यातला एकेक त्याने आमच्या फोनच्या तारेला जोडून पाहिला होता. त्या यादीतला एकही नंबर चुकीचा निघाला नाही.