थांबाबाईंनी नवीन काहीच केलं नाही

रुग्णवाहिका पाठवायच्या आमच्या कंट्रोल रूममध्ये त्यांना सगळे थांबाबाई म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं, आणि ते काही प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. आमचं सॉफ्टवेअर त्या सांभाळायच्या. त्यात काहीही नवं मागायला जा, चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "थांबा जरा." साहेबांना रंगीत नकाशा हवा होता, थांबा. मला मोठी अक्षरं हवी होती, थांबा. माझं तोंड फटकळ, मनात आलं की बोलून मोकळी. मी सरळ विचारलं होतं, बाई, तुम्हाला थांबण्याचाच पगार मिळतो का? त्या नुसत्या हसल्या, आणि मला आणखीच राग आला.

तेव्हा आमचे हाल काय होते ते सांगते. फोन यायचा, मी पत्ता टाइप करायची, 'पाठवा'चं बटण दाबायची आणि पडदा गोठायचा. पाच सेकंद, कधी सात. पलीकडे कुणाचा बाप छाती धरून पडलेला, आणि मी इकडे त्या मठ्ठ पडद्याकडे बघत बसलेली. जीव नुसता तुटायचा हो. म्हणून आम्ही सगळ्याजणी बटण दोनदा दाबायचो. दोनदा दाबल्याशिवाय गाडी हलत नाही, असं नव्या मुलींनाही पहिल्याच दिवशी शिकवायचो. खरं तर काम पहिल्याच दाबण्यानं व्हायचं, गोठलेल्या पडद्याला दुसरं कळायचंसुद्धा नाही. पण हे आम्हाला कोण सांगणार?

एकदा थांबाबाई तीन दिवस माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. पडदा गोठला की वेळ लिहायच्या, बोलायच्या काही नाहीत. डबा खाताना मात्र मोकळ्या झाल्या. घरी मुलगी चिडवते म्हणे, आई वर्षभर राबते आणि दाखवायला काही नाही. पहिल्या नोकरीत त्या मोबाइलवरचे खेळ बनवायच्या, दर महिन्याला काहीतरी नवं. तिथे बिघडलं तर लोक फोन बाजूला ठेवून चहा प्यायचे, इथे तसं चालणार नाही, म्हणाल्या. त्या दिवसापासून माझा राग थोडा उतरला.

पाच महिन्यांनी त्यांनी नवी आवृत्ती तयार केली. साहेबांनी नोटिशीत लिहायला विचारलं, यात नवीन काय? बाईंनी कागदावर लिहून दिलं: नवीन काही नाही. अडकणार नाही, लवकर चालेल. साहेबांचा तिळपापड झाला. पाच महिन्यांत एवढंच? सोमवारी सकाळी सुरू करा, म्हणाले, पण दुपारपर्यंत एक जरी घोळ झाला तर जुनं परत लागेल आणि तुमच्या जागी दुसरा माणूस बसेल. बाई म्हणाल्या, चालेल.

सोमवारचा पहिला फोन माझ्याकडेच आला. पत्ता टाकला, बटण दाबलं, टक टक. आणि एकाच दारात दोन गाड्या जाऊन उभ्या राहिल्या! दहा वाजेपर्यंत हेच तीनदा झालं. गाड्या कमी पडायला लागल्या. साहेब तावातावानं आत आले. जुनं लावा, आत्ताच्या आत्ता.

थांबाबाई नोंदी बघत होत्या. एकाच पत्त्यावर गेलेल्या गाड्यांच्या प्रत्येक जोडीत अर्ध्या सेकंदाचं अंतर. त्यांनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. माझं नाव घेतील म्हणून मी वाटच बघत होते. त्या साहेबांना म्हणाल्या, "चूक माझी आहे. तीन दिवस मी घड्याळाकडे बघत बसले, बोटांकडे बघायला हवं होतं. अर्धा तास द्या, दुसरं दाबणं मोजलंच जाणार नाही असं करते." साहेब ऐकायलाच तयार नाहीत. बाईंनी मान खाली घातली आणि जुनं लावायला घेतलं.

मला राहवेना. मी उठून उभी राहिले.

"साहेब, बटण दोनदा मी दाबलंय. सात वर्षं दाबतेय, बाकीच्यांना मीच शिकवलंय. आता पडदा अडकत नाही, म्हणून दोन गाड्या गेल्या. जुनं लावलंत तर परत सात सेकंद बघत बसायचं, आणि ते मी करणार नाही."

तेवढ्यात माझा फोन वाजला. एक मुलगी होती, तिची आजी जिन्यावरून पडली होती. मी पत्ता टाकला, बटण एकदा दाबलं आणि हात मांडीखाली धरून ठेवला. बोट शिवशिवत होतं. खाली फाटकाशी सायरन सुरू झाला.

"गाडी कधी पाठवताय?" मुलीनं विचारलं.

"निघाली, बाळा," मी म्हटलं. इतक्या वर्षांत हे उत्तर मला इतक्या लवकर कधी देता आलं नव्हतं. मला रडूच फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

साहेब खिडकीतून गाडी वळेपर्यंत बघत राहिले. मग बाईंच्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "अर्धा तास म्हणालात ना? घ्या."