सोमवारचे आकडे

चांगला आकडा पाहिला की गावंडे सरांचं तोंड कडू व्हायचं. अमरावतीच्या कॉलेजात ते माझे पीएच.डी.चे गाइड. मी महिनाभर राबून वही पुढे करावी, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "एवढं सरळ? आपल्या वऱ्हाडात एवढं सरळ काई नसते पोरी. पुन्यांदा कर."

आमचं काम कडीच्या आकाराच्या मोठ्या, ढिल्या रेणूंचं. कपाशीवरच्या एका कीटकनाशकाचा रेणू अशा कडीने पाण्यातून धरावा, एवढीच आस. ताठ कडी करा, असं सगळे सांगत. सर ऐकतील तर शपथ! "ताठ म्हंजे बांगडी. मापाचा हात असन तरच जाते. आपली नाडी आहे; ज्याले बांधली त्याच्या मापाची होते." ऐकायला झकास. पण नाडी मोकळी सोडली की गोळा होऊन पडते, तशी आमची कडीही स्वतःतच चुरगळून बसायची. एका आठवड्यात पाहुण्या रेणूला धरायची, पुढच्या आठवड्यात ओळखही द्यायची नाही. चार वर्षं मी हेच भोगलं.

शेवटी पाच आकडे जुळले. अकोल्याच्या एका कॉलेजात जागा निघाली होती. महिन्याभरात प्रबंध द्यायचा, आणि त्यावर फक्त सरांची सही हवी होती. सर वहीतल्या तारखांवरून बोट फिरवत राहिले.

"हे सारे सोमवारचेच कावून? शिश्या कुठी धुतल्या?"

"अकोल्याला, घरी. शनिवारी इथे नळ कोरडा असतो."

"बोअरच्या पान्यानं?"

आमच्या बोअरचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही. शेवटी शुद्ध पाण्याने खंगाळायचा कंटाळा मीच केला होता. आता उलगडलं: काचेला राहिलेलं मीठ आधी कडीत शिरायचं, कडी त्याच्याभोवती नीट वळायची, आणि मगच कीटकनाशकाला तिथे जागा व्हायची.

"सर, हाच तर शोध आहे! लिहू या ना."

"आता नाई. मीठ तोलून टाक, साऱ्या मोजण्या नव्यानं कर. मंग लिहू."

जागा गेली. मनातल्या मनात मी त्यांना नाही नाही ते बोलले आणि वर्षभर चिडत, धुसफुसत मीठ तोललं. सरांचं म्हणणं खरं होतं, याचाच जास्त संताप यायचा.

मोजण्या संपत आल्या आणि सर हार्ट अटॅकने गेले. नव्या गाइडांपुढे प्रबंध ठेवला, तर चहाचा घोट घेत, एकही पान न उलटता त्यांनी सही केली. "झालं ना?" म्हणाले.

अशीच सही मी इतकी वर्षं सरांकडे मागत होते. ती घेऊन मी राजापेठ चौकापर्यंत रडत गेले.