झोंबतंय म्हणजे लागू पडतंय

लोणावळ्याजवळ वलवणला माझं पार्लर आहे. एक खोली, दोन आरसे, एक फिरती खुर्ची आणि खुर्चीमागे मी. पुण्यात जाऊन त्वचेचा दोन दिवसांचा कोर्स करून आले, तेव्हापासून माझ्या अंगात डॉक्टरच शिरला होता. शून्य नंबरचा चष्मा घेतला. बाई खुर्चीत बसली की तिची हनुवटी दोन बोटांनी उचलायची, चेहरा उजेडाकडे वळवायचा आणि एक लांबलचक "हंऽऽ" काढायचा. त्या हुंकाराला भल्याभल्या बायका टरकायच्या. खोटं कशाला बोलू, मला फार मजा यायची.

पावसाळा सरत आला होता, तेव्हा ती आली. बेडशाची, माझ्या माहेरच्या शेजारची, म्हणून मला आक्का म्हणायची. चाळिशीतली बाई. इकडच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात सात वर्षं भांडी घासत होती. आता नाश्त्याच्या काउंटरवर पोहे-इडली वाढायला एक बाई हवी होती आणि मॅनेजरने तिला विचारलं होतं. पंधरा दिवसांनी उभं राहायचं होतं. कोरडी जागा, कोरडे हात, इस्त्रीची साडी. फक्त तो म्हणाला होता, "चेहरा जरा नीट करून या."

"आक्का, तोंड घासायचं कायतरी द्या. लय मळ बसलाय."

"मळ नव्हे गं. मृत त्वचा म्हणतात तिला."

"मेलेली? आन मी तिला रोज पावडर लावती व्हय!"

आम्ही दोघी हसलो. मग मी चष्मा सावरला आणि आवाज खाली आणला. "त्वचा कसली आहे तुझी? तेलकट, कोरडी, मिश्र की नाजूक?"

"नाजूक कशानं असंल? तेलकट. लय तेलकट. हे बगा." तिने गालावरून बोट फिरवून माझ्यापुढे धरलं. बोट चकचकत होतं.

मी "हंऽऽ" केलं. त्याच बोटाला आडव्या भेगा पडल्या होत्या, सगळ्या हातालाच होत्या. भेगा मी पाहिल्या, पण हात हा माझा विषय नव्हता. मी फळीवरची तेलकट त्वचेची डबी काढली, अक्रोडाच्या कवचाचा जाडसर रवा घातलेली. "आठवड्यातून दोनदा. हलक्या हाताने," असं बजावलं. करपलेल्या कढया खरवडणाऱ्या बाईला मी हलका हात सांगत होते.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. माझ्या दातांत दोरा होता, खुर्चीत एका बाईची अर्धी भुवई झाली होती.

"आक्का, झोंबतंय ओ."

"झोंबतंय म्हणजे लागू पडतंय!" मी दातांतला दोरा न सोडताच म्हटलं. खुर्चीतली बाई खुदकन हसली. वाक्य मला इतकं आवडलं की त्या दिवसात मी ते आणखी दोघींना ऐकवलं.

आमच्या मावळात हे कुणाला पटवावं लागत नाही. डोक्याला बाम लावला आणि डोळ्यांतून पाणी आलं नाही, तर तो बाम नकली. जे चरचरत नाही ते औषधच नव्हे, असं धरूनच आम्ही लहानाचे मोठे झालो. तिने माझं वाक्य मनावर घेतलं. जितकं झोंबेल तितकं लवकर उजळेल, असा हिशेब करून ती रोज घासू लागली. मग सकाळ-संध्याकाळ.

आठव्या दिवशी ती पार्लरच्या दारात उभी राहिली. दोन्ही गाल लाल, सुजलेले, नाकाच्या बाजूला सालं निघालेली, आणि गालफडांवर काळसर चट्टे उमटू लागलेले. मी तिला खुर्चीत बसवलं. हनुवटी उचलायला माझा हात पुढे झाला, तो मी मागे घेतला.

"रोज काय काय लावतेस तू तोंडाला?" मी विचारलं. हे मी आठ दिवसांपूर्वी विचारायला हवं होतं.

"काय न्हाई बया, ती पावडरच. पन आदी सकाळी उठलं की खोबरेल चोळती. न्हाईतर कातडी वढती, तडतडती."

तेलकट म्हणजे तेल लावलेली. तिने मला अगदी खरं उत्तर दिलं होतं. कातडी कोरडी ठाक होती, म्हणून तर तेल लावत होती, आणि मी त्या तेलाकडे बघून डबी निवडली.

आता मी बायकांना साध्या पाण्याने तोंड धुवायला लावते आणि तासभर काहीही न लावता बसवून ठेवते. कातडी ओढली तर कोरडी, नाक-कपाळ चमकलं तर तेलकट, नुसतं लाल झालं तर नाजूक. कोरडीला आणि नाजूकला रव्याचं काही देत नाही, फार तर सौम्य लोशन, तेही आठवड्यातून एकदाच. लोणावळ्याच्या दमट हवेत तर भिंतीसुद्धा तेलकट वाटतात, म्हणून मी स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवत नाही. हे सगळं शहाणपण तिच्या गालांवरून आलेलं आहे.

"मॅनेजर काय म्हणाला?"

"त्यो काय म्हणणार? म्हणला, असल्या तोंडानं नगं समोर, माणसं खायाला बसत्यात. दुसरीला घेतलं." तिने हात पुढे करून भेगांकडे पाहिलं. "आपलं मोरीवरचं काम हाय की."

"चूक माझी झाली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नाटकी वाटला. इतकी वर्षं त्या आवाजाला डॉक्टरकीचं सोंग करायचीच सवय होती.

"तुमची कशी आक्का? तुमी चांगलंच दिलं. माजी कातडीच कमअस्सल, तिला मानवलं न्हाई."

तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. तिचं काही चुकलं नव्हतं, हे मी तिला दोनदा समजावलं. तिने दोन्ही वेळा मान हलवली, आजारी माणसाचं मन राखावं तशी.

मग तिने विचारलं, "आता काय लावू?"

"काही नाही," मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला बरोबर सल्ला दिला होता. घासणं बंद, डबी फेकून द्यायची, नुसतं पाणी आणि साधं मऊ क्रीम, उन्हात जाणं टाळायचं, आणि आठवड्यात उतरलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं. एवढं सगळं त्या "काही नाही"च्या मागे उभं होतं. पण ती तोवर खुर्चीतून उठली होती. तिच्या तोंडावरून मला कळलं की तिने दुसरंच ऐकलं. आता काहीच होण्यासारखं नाही, असं आक्का म्हणाली.

"अगं, तसं नव्हे," म्हणत मी दारापर्यंत गेले. पाण्याचं सांगितलं, क्रीमचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं.

"व्हय, व्हय," ती म्हणाली, पायात चपला सरकवत. "चला, लय भांडी पडली असतील."

रस्त्यावर शनिवारची गर्दी होती. तिने पदर ओढून गालावर घेतला. तो गालाला लागला तशी ती कळवळली, पदर सोडून दिला, आणि सहलीला आलेल्या माणसांमधून तसंच उघडं तोंड घेऊन रिसॉर्टच्या दिशेने चालू लागली.