वैभववाडीच्या स्टँडवरची दहा मिनिटं

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही. पण तो मला विसरला आहे, किंवा त्याहून वाईट म्हणजे माझ्यावर फारच बारीक नजर ठेवून आहे, असं वाटण्याचे ते दिवस होते. आई गेली तेव्हा मी सातवीत होते आणि शाळेच्या सहलीला गेले होते. बाबा गेले त्या दिवशी मी कणकवलीला परीक्षेला गेले होते. दोन्ही वेळा परत आले तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती आणि माझ्याकडे कुणी सरळ बघत नव्हतं. माझ्या मनाने त्याचा एकच अर्थ काढला. मी घराबाहेर पडले की घरातलं माणूस जातं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण बोललं की ते पक्कं होईल असं वाटायचं.

बाबांच्या बाराव्यानंतर मुंबईचे नातेवाईक परत गेले. शेजारच्या शालनकाकीने माझं अंथरूण उचलून सरळ आपल्या घरात नेलं. तिचं-आमचं नातं काही नाही. कुणकेश्वराच्या देवळाबाहेर तिचं नारळ आणि फुलांचं दुकान आहे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. "माका कोण नाय, तुका कोण नाय. मगे झाला," एवढंच ती म्हणाली आणि माझ्यापुढे पेज ठेवली. पुढचं दीड वर्ष मी तिला नजरेआड होऊ दिलं नाही. दुपारी ती जरा लवंडली की मी पुस्तक घेऊन समोर बसायची आणि तिचा श्वास चालू आहे ना, ते बघत राहायची. पुस्तकाचं पान उलटायचं नाही.

कोल्हापूरला डोळे तपासायच्या अभ्यासक्रमाला माझा नंबर लागला तेव्हा मी तिला सांगितलंच नाही. पण कॉलेजातून फोन आला तो नेमका तिने घेतला. ती रागावली नाही. "तुज्या बापाशीन तुका इतक्या शिकवल्यान, ता माज्या दुकानात फुलां ओवूक?" असं विचारून ती माझी बॅग शोधायला लागली. जायच्या सकाळी तिने मला देवळात नेलं आणि माझ्या वतीने स्वतःच गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक आज घराभायर धाडतंय, तेका सांभाळ." मी शेजारी हात जोडून उभी होते, पण माझ्या मनात मागणं नव्हतं, धमकी होती. हिला नेलंस तर पुन्हा तुझ्या पायरीवर येणार नाही, असं मी देवाला म्हणत होते. आज ते आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

देवगडहून कोल्हापूरची गाडी धरली. तळेऱ्यापाशी काकीला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. काकी फोन कायम कमरेच्या पिशवीत ठेवते आणि दुसऱ्या रिंगला उचलते. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. खिडकीबाहेर भातशेतं, माणसं, दुकानं सगळं होतं, पण मला आमचं अंगणच दिसत होतं आणि त्यात जमलेली माणसं. वैभववाडीला गाडी थांबली तशी मी बॅग ओढत खाली उतरले. परत जायचं, एवढंच कळत होतं. परतीची गाडी कुठे लागते हेही माहीत नव्हतं.

आमच्या गाडीच्या कंडक्टर एक बाई होत्या, चाळिशीच्या. त्या माझ्यामागून आल्या.

"तिकीट कोल्हापूरचा आसा ना तुजा? हयसर कित्याक उतारलंस?"

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. फोन उचलत नाही, घरात ती एकटीच आहे, मी निघाले की असं होतं, असं काहीतरी तोडकं-मोडकं. जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी बाईसमोर बाहेर पडलं. त्यांनी समजूत घातली नाही. काही झालं नसेल, असंही म्हणाल्या नाहीत. "घर खंय?" एवढंच विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं आणि फोन लावला. देवगडहून कुणकेश्वरला फेरी करणारा त्यांचा एक सहकारी त्याच वेळी तिथे गाडी घेऊन पोचलेला होता. "देवळाभायर नारळवाली शालन आसा, तिच्या घराकडे धाव मारून ये रे," त्या त्याला म्हणाल्या. मग माझ्या हातात पाण्याची बाटली देऊन बाकावर माझ्याशेजारी बसल्या. "गाडी हय धा मिन्टा थांबता. तवसर मी आसंय."

ती दहा मिनिटं कशी गेली ते मला लिहिता येणार नाही. फोन वाजला आणि त्यांचा चेहरा बदलला, तेव्हा मला वाटलं संपलं. काकी विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावरून घसरून पडली होती. पाय मोडला होता, तिला हलता येत नव्हतं आणि धुण्यासाठी काढून ठेवलेली फोनची पिशवी हाताला लागत नव्हती. माझ्या जाण्यामुळे दुकान बंद, घर माडांच्या आत, हाक कुणाला ऐकू गेली नव्हती. बाईंच्या त्या सहकाऱ्याने आणि दोघा गावकऱ्यांनी तिला उचलून रिक्षात घातलं होतं. बाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि तिकडे त्याने आपला काकीच्या कानाला लावला.

"खंय पोचलंस?" काकीने विचारलं. आवाज कण्हता होता.

"वैभववाडी. काकी, मी परत येतंय."

"नको. आज हजर ऱ्हवलंस नाय तर जागा जातली. माज्याबरोबर माणसां आसत. तू फुडे जा गो बाय."

मी त्या बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "तुका जाऊचा आसात तर माघारी जा, मी गाडयेत बसवन देतंय. पण हाड जोडूचा काम डॉक्टराचा. उद्या माजी सुट्टी आसा, मी सोता जावन बघतंय."

मी पुन्हा गाडीत चढले. का चढले ते आजही नीट सांगता येत नाही. मला धीर आला नव्हता. घाटात धुकं इतकं दाट होतं की पुढचं वळण दिसत नव्हतं, आणि मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसले होते. सकाळी देवाला घातलेली धमकी तेव्हा आठवली आणि एकदम फार रडू आलं. आईला मी राखू शकले नव्हते, बाबांना नाही, काकीलाही मी राखत नव्हते, नुसती बघत बसले होते. मी मनात एवढंच म्हटलं, मला हे पेलत नाही, आता तूच बघ. काही चमत्कार झाला नाही. पुढचं वळण आलं, मग त्यापुढचं. गाडी गगनबावड्याला पोचली तेव्हा दांड्यावरचा माझा हात सैल झालेला होता, एवढं खरं.

शनिवारी मी देवगडच्या दवाखान्यात गेले. काकीचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि तिच्या उशाशी त्या कंडक्टरबाई तिला पेज भरवत होत्या. दोघी कुणाच्या तरी लग्नातल्या फजितीवर हसत होत्या. बोलण्यात कळलं की त्यांची मुलगी माझ्याच वयाची होती आणि तीन वर्षांपूर्वी तापाने गेली. "तू उतारलंस तेवा माका तिचाच तोंड दिसला," त्या म्हणाल्या आणि वाटी विसळायला बाहेर गेल्या. काकीने माझा हात धरला.

आज दोन वर्षं झाली. काकी किंचित लंगडते, पण दुकानात बसते. त्या बाईंना मी मावशी म्हणते आणि सुट्टीत तिच्याकडे दोन दिवस राहिल्याशिवाय ती मला सोडत नाही. मी गेले म्हणून काकी पडली की मी घाबरले म्हणून ती वाचली, हा प्रश्न मी आता देवाला विचारत नाही. भीती गेलेली नाही, मधूनच येते, आणि आली की मी तिला येऊ देते. पण माझी माणसं माझ्या एकटीच्या पहाऱ्यावर जगत नाहीत, हे मला कळलं आहे. त्यांना सांभाळायला माझ्या ओळखीत नसलेले कितीतरी हात आहेत. देवाने ते आधीच नेमलेले असतात आणि आपण भ्यायलेलो असलो तरी ते वेळेवर येतात. त्या हातांना माझा नमस्कार.