भिंतीला दोन भोकं

हवेचं काम अख्ख्या वाघोलीत माझ्याइतकं कुणाला कळत नाही. चाळीस वर्षं पत्र्याचे डक्ट बनवले, त्यांना ग्लासवूलचं, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचं, अस्तर लावलं, मोठमोठ्या हॉटेलांत माझ्या हातची हवा खेळते. माझ्या घरात मात्र बायकोला दमा आहे आणि खिडक्या वर्षभर बंद. तेव्हा ही बढाई अर्धीच धरा.

समोर नगर रोड, शेजारी बिल्डरचं काम. डॉक्टर आमच्या कुसुमला म्हणाले, "हवा बदला." मुलगा सचिन म्हणाला, "घर विका आणि कात्रजला माझ्याजवळ या. बाराव्या मजल्यावर धूळ येत नाही." मी म्हणालो, "डॉक्टर हवा बदला म्हणाले. घर बदला म्हणाले नाहीत."

झालं. घराला मध्यवर्ती मशीन बसवायचं ठरलं. एका पाइपाने बाहेरची हवा गाळून आत, दुसऱ्याने आतली कोंदट हवा बाहेर. दोघी एका पेटीत शेजारून जातात, मिसळत नाहीत, पण जाणारी आपली ऊब किंवा गारवा येणारीच्या हातात ठेवून जाते. सचिनने अट घातली, "दिवाळीपर्यंत आईचा खोकला कमी झाला नाही तर सामान बांधायचं." मी हो म्हणालो. मला कुठे बांधायचं होतं?

या प्लॅनिंगमध्ये किस्से इतके साठले, की त्यांच्यासाठीच एक पाइप काढावा लागेल.

*

प्लॅन करायला गौरी आली. इंजिनियर पोरगी, माझ्या नातीच्या वयाची, तोंडाने माझ्या बायकोच्या वयाची. पहिला प्रश्न, "घरात माणसं किती? त्यावर हवेचा हिशोब."

मी म्हणालो, "सात."

"पण दिसता तर दोघंच."

"मी एकटा सहा जणांची हवा घेतो."

कुसुम मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि सगळी बोलण्यातच बाहेर टाकतात. बाहेरचा पाइप मोठा घे, बाई."

गौरीने खरंच काहीतरी लिहून घेतलं.

*

शेजारचे रिटायर्ड मास्तर रोज कुंपणावरून चौकशी करायचे. एक दिवस मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "खडकवासल्याहून पाइप टाकतोय. धरणावरची थंड हवा थेट आमच्या हॉलमध्ये."

मास्तर कुंपणाला टेकले. म्हणाले, "परवानगी काढली का?"

"अर्ज दिलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दारात. हातात अर्ज, सुवाच्य अक्षरात. "तुमचा पाइप आमच्या कुंपणावरूनच जाणार ना? मग एक कनेक्शन आम्हालाही द्या, नाहीतर हरकत घेतो."

अर्ज मी अजून जपून ठेवलाय. आमच्या घरात तेवढा एकच कागद शुद्धलेखनाचा आहे.

*

आमच्या धंद्यात पत्रा कापायच्या आधी जमिनीवर खडूने खऱ्या मापाचं चित्र काढतात. कागदावर माझा विश्वास नाही, तो सातवीतच उडाला. म्हणून गौरीचा प्लॅन बाजूला सारून मी अख्ख्या हॉलभर, किचनभर पाइप आखले आणि दोन दिवस त्यावरून कुणाला चालू दिलं नाही. रविवारी सचिन फ्लॅटचे फोटो घेऊन आला, त्यालाही भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखं सोफ्यापर्यंत जायला लावलं.

"बाबा, हे काय आहे?"

"ही हवा आहे. पाय देऊ नको."

मग गौरी आली. चपला काढल्या, पाइपाच्या कडेकडेने चालत किचनच्या भिंतीपाशी थांबली. तिथे मी दोन गोल आखले होते, आत येणाऱ्या हवेचा आणि बाहेर जाणाऱ्या हवेचा, एकमेकांना चिकटून. भिंत एकदाच फोडायची, धूळ एकदाच, असा माझा विचार.

तिने दोन्ही गोलांकडे नीट पाहिलं. "नाना, म्हणजे इथून बाहेर गेलेला बोंबलाचा वास इथूनच आत येऊन बेडरूममध्ये झोपणार."

सचिन मोबाइलमध्ये तोंड घालून हसला. मी ओला फडका आणला आणि गुडघ्यांवर बसून एक गोल पुसला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

*

पुढे गौरी म्हणाली, "प्रत्येक दार खालून बोटभर कापावं लागेल. दार बंद असलं तरी हवेला जायला वाट हवी."

आता, दार आणि फरशीत फट राहिली म्हणून मी जन्मभर सुतारांना शिव्या घातलेल्या. म्हणालो, "माझ्या घरात दार कापलं जाणार नाही."

कुसुम उठली, बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. आतून खोकला ऐकू आला. एकदा, दोनदा, मग मोजणं मीच सोडलं. सचिन माझ्याकडे बघत होता, फ्लॅटचे फोटो मांडीवर.

मी सुताराला फोन लावला. गौरी बोटभर म्हणाली होती, मी त्याला दोन बोटं सांगितली. माघार घ्यायची तर पुरती घ्यायची.

*

शेवटच्या दिवशी गौरी फॉर्म घेऊन बसली. फिल्टर कुठला लावायचा ते त्यावरून ठरणार. सचिनही होता, मास्तरही चहाला आलेले. गौरीने विचारलं, "घरात धुळीचं मुख्य कारण काय?"

हा तर माझा आवडता विषय. मी उभाच राहिलो. "लिही. एक, नगर रोड. दोन, खडीचे ट्रक. तीन, हा शेजारचा बिल्डर, ज्याला वाटतं म्हातारा खोकून खोकून घर सोडेल. त्याला सांग, म्हातारा इथेच राहणार, म्हातारीही इथेच राहणार. माझ्या बायकोच्या छातीचं ज्यांनी वाटोळं केलं, त्या सगळ्यांची नावं लिही."

मास्तरांनी मान डोलावली. गौरी लिहीत होती.

कुसुमने कप खाली ठेवला. "गौरी, वर थोडी जागा सोड. चाळीस वर्षं ग्लासवूलने भरलेले शर्ट घालून घरी कोण यायचं आणि ते मोरीत कोण झटकायचं, ते आधी लिही. नगर रोडची धूळ नंतर आली."