इंग्रजीला मेंढरांचा वास

हेडफोनमधून माझाच आवाज आला.

सांगलीतल्या इंग्रजीच्या क्लासात त्या दिवशी ऐकण्याच्या परीक्षेचा सराव होता. परदेशात नर्स म्हणून जायचं तर आधी इंग्रजी ऐकून दाखवावं लागतं, मग बोलून. एरवी हेडफोनमध्ये एखादा गोरा माणूस भाड्यानं खोली मागतो, आम्ही ऐकून उत्तरं लिहितो. त्या दिवशी सर म्हणाले, "आज वेगळी क्लिप आहे. ऐका आणि चुका काढा." आणि कानात मी. "माय मदर, शी वॉक विथ शीप. आय वॉक बिहाइंड."

आधीच्या आठवड्यात माझी बोलण्याची तालीम झाली, तेव्हा सरांनी रेकॉर्डिंग लावून मोबाइल समोर ठेवला होता. म्हणाले, तुझ्यासाठीच आहे, घरी ऐक आणि सुधार. प्रश्न होता, लहानपणी कुठं राहत होतात? मी खरं ते सांगितलं. आम्ही म्हसवडकडचे धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखात उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत फिरायचं. संसार घोड्यावर. आष्ट्याकडचे बागायतदार आम्हाला बोलावून घ्यायचे. आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणायचे, लेंड्यांचं खत मिळावं म्हणून. मेंढरं त्यांच्या रानात आणि आम्ही मेंढरांच्या कडेला. हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि मला फार बरं वाटलं. वेडीच होते.

आता खोलीभर माणसं माझी आई कानाला लावून हसत होती.

कानात हेडफोन असला की आपण किती मोठ्यानं हसतोय ते कळत नाही. आष्ट्याच्या एका बागायतदाराची मुलगी सगळ्यांत जास्त हसत होती. तिला कॅनडाला जायचं होतं. कशाला, ते तिलाही माहीत नव्हतं. जिच्या गावचा ऊस आमच्या लेंड्यांवर पोसला, ती ओढणी नाकाला लावून दाखवत होती.

आणि मी? मी कागदावर लिहीत होते. माझ्याच चुका. सरांनी सांगितलं म्हणून. त्या कागदाची आजही शिसारी येते.

सरांनी क्लिप थांबवली. "ग्रामर सुधारता येतं. पण या इंग्रजीला मेंढरांचा वास येतोय, तो कसा घालवायचा?" मग माझ्याकडे बघून गोड हसले. "राग मानू नकोस हं. शिकण्यासाठी आहे."

त्यांच्याकडे उपाय तयार होता. आजोबांचा महाबळेश्वरचा बंगला. लहानपणाचं विचारलं की बंगला. आवडती जागा विचारली की बंगला. आदर्श व्यक्ती विचारली की बंगल्याचे मालक, आजोबा. व्हरांडा, धुकं, स्ट्रॉबेरी. क्लासातले सगळे हे उत्तर घोकत होते. आख्ख्या सांगली जिल्ह्याला एकच आजोबा! सरांनी हा बंगला कुठून उचलला होता कुणास ठाऊक. स्वतः कधी परदेशी गेले नव्हते, पण मराठी बोलतानाही जीभ अशी वळवायचे, जशी काही कालच विमानातून उतरली.

मीही घोकलं. व्हरांडा, धुकं, स्ट्रॉबेरी.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. ती शिरवळच्या अलीकडं मेंढरांच्या तळावर होती. मागं मेंढरं ओरडत होती. काय शिकवतात म्हणून तिनं विचारलं, मी बंगल्याचं सांगितलं. क्लिपचं नाही सांगितलं. ती जराही थांबली नाही.

"मग सांग की तसंच. आमचं नाव न्हाई घेतलंस तरी चालंल. तू पास हो, बास."

किती सहज म्हणाली. माझ्या आयुष्यातून स्वतःला काढून टाकायला ती तयार होती, आणि मी तर ते काम सुरूही केलं होतं. मला सरांचा राग आला. त्याहून जास्त माझा आला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बंगला म्हणायला उभं केलं. मी म्हटलं नाही.

"सर, आदी माझी क्लिप पुसा. आत्ता, माझ्याम्होरं."

"अगं, तुझं नाव कुठं आहे त्यात?"

"माझी आय हाय त्यात."

कुणी हसलं नाही. सरांनी मोबाइल काढला आणि क्लिप पुसली. मग विचारलं, "मग परीक्षेत काय सांगणार?"

"मेंढरंच."

"नापास होशील."

मी पिशवी उचलली. त्या क्लासची पायरी पुन्हा चढले नाही.

परीक्षा पुण्यात होती. बोलण्याच्या खोलीतून आमच्या क्लासची मुलं एकेक करून बाहेर येत होती आणि एकमेकांना विचारत होती, "बंगला सांगितलास ना?" मी आत गेले. मेंढरं सांगितली, घोडा सांगितला, आईचं नाव सांगितलं. दोनदा अडखळले. परीक्षक बाई हसल्या नाहीत, भारावल्याही नाहीत. वेळ झाल्यावर थँक्यू म्हणाल्या.

निकाल लागला. बोलण्यात मी थोडक्या गुणांनी नापास झाले. आष्ट्याची मुलगी पास झाली. क्लासच्या दारात तिचा सत्काराचा फोटो लागलाय, हॉस्पिटलात ड्यूटीला जाताना रोज दिसतो. सरांचा मेसेज आला, "सांगितलं होतं." ज्यांना दुसऱ्याचं आयुष्य पाठ करून देण्यापलीकडं काही येत नाही, त्यांच्याशी काय बोलायचं?

मी पुन्हा बसणार आहे. ड्यूटी संपली की रोज बोलते, मोठ्यानं, एकटी. चुकले की थांबते आणि पुन्हा म्हणते. प्रश्न तोच आला तर उत्तरही तेच देईन. पुन्हा पाडलं तर पुन्हा बसेन.

इंग्रजी सुधारेन. आई बदलणार नाही.