सातभाईंचं रक्त

कापसाला भाव नाही म्हणून घराघरात कापूस तुंबलेला, त्या वर्षांत मी घाटंजीजवळच्या एका खेड्यात सातभाई पक्ष्यांच्या पिलांचं रक्त गोळा करत होते. घरमालकीण बाई एकटी, मुलगा पुण्याला. तिच्या एका खोलीत कापूस, दुसरीत मी. आठ-आठ दिवस मी तिच्याशिवाय कोणाशी बोलत नसे, आणि माझा स्वभाव असा तिरसट की तिच्याशीही धड नाही. संध्याकाळी सातभाई फांदीवर एकमेकांना चिकटून बसले की मला त्यांचा चक्क हेवा वाटायचा.

"रक्तात काय पाह्यता वो मॅडम?" तिनं एकदा विचारलं.

"टेलोमिअर. लुगड्याला काठ असतो ना, तसा पेशीतल्या धाग्यांनाही टोकाला असतो. उपासमारीनं, भीतीनं तो लवकर झिजतो."

सातभाई अख्ख्या थव्यानं पिलं वाढवतात. पण बांधावरच्या बाभळीतल्या एका पिलाची फवारणीच्या विषानं बाकीचा थवा मेल्यावर आईच तेवढी उरली होती. एकटीनं वाढवलेल्या पिलाचा काठ जास्त झिजतो का, एवढंच मला कळायला हवं होतं. त्यासाठी त्याचं घरट्यातलं रक्त आणि वर्षानंतरचं, दोन्ही लागणार. पहिलं तिच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात होतं.

चौदा एप्रिलची जयंती आली. शेतातून परतले तर घर चुना मारून लख्ख. फ्रिजही धुतलेला. माझा रक्ताच्या नळ्यांचा डबा ओट्यावर, उन्हात. नळ्या हाताला गरम लागल्या.

"जयंतीले सारं काढून धुतो आमी," ती म्हणाली. "तुमचा डबा वापस ठेवाचाच राह्यला. उन्हानं खराब होते, मले का मालूम?"

ते पिलू आता पुन्हा सापडलं असतं, तरी किती झिजलं ते कधीच कळणार नव्हतं. वर्ष पाण्यात गेलं. तिच्यावर ओरडायचं होतं, तेही जमेना. कापसाच्या ढिगाला टेकून मी रडत बसले. आपलं म्हणावं असं तिथं कोणीच नव्हतं.

ती शेजारी येऊन बसली. मग तिनं बोट पुढं केलं.

"माह्यं घे, पोरी. मीनंबी पोरगं एकटीनंच वाढवलं. पाह्य, किती झिजली ते."

सुई पिशवीतच होती.

"तुमचंही पहिलं रक्त नाही ना कोणाकडे," मी म्हणाले, आणि तिचं बोट काही सोडलं नाही.